नव्या रायफलीवर काय चढवावं

पेनसिल्व्हेनियात हरणांच्या शिकारीचा रायफलीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो. २०१८ सालापर्यंत तो सोमवारी उघडत असे आणि त्या सोमवारी ग्रामीण भागातल्या कित्येक शाळांना सुट्टी असे. काही ठिकाणी ती अजूनही असते. ऑक्टोबर लागला की बंदुकांच्या दुकानांत गर्दी वाढते. कोणी काडतुसं घ्यायला येतं, कोणी आजोबांची जुनी रायफल कारागिराला दाखवायला, आणि कोणी नव्या कोऱ्या रायफलीला काय काय बसवता येईल ते बघायला. यंदा या तिसऱ्या प्रकारच्या एका गिऱ्हाइकाबरोबर मी हिंडले.

तो माझ्या मैत्रिणीचा मुलगा. आईवडील सांगलीचे, जन्म पिट्सबर्गचा. राज्याचं शिकार-सुरक्षेचं प्रशिक्षण त्याने पूर्ण केलं, परवाना काढला आणि मार्लिन ३३६ ही .३०-३० काडतुसाची लिव्हर-ॲक्शन रायफल घेतली. इथे सगळे त्या काडतुसाला थर्टी-थर्टीच म्हणतात. मी स्वतः शिकार करत नाही. या राज्यातल्या रानांवर लिहिता लिहिता शिकाऱ्यांशी ओळखी झाल्या आणि त्यांचं सामान, त्यांचे वाद कानावर पडत गेले. या मुलाच्या फोनमध्ये एक यादी होती : मोठी दुर्बीण, तिच्यासाठी रेल, रुंद कडीची लिव्हर, हलका चाप, पुढच्या लाकडी मुठीऐवजी छिद्राछिद्रांची ॲल्युमिनियमची मूठ, टॉर्च, दस्त्यावर चामड्याचा काडतूसपट्टा, आवाज कमी करणारा सप्रेसर. बेरीज रायफलीच्या किमतीच्या पुढे गेली होती.

‘‘मावशी, यातलं आधी काय घेऊ?’’ त्याने विचारलं. मला उत्तर येत नव्हतं, पण ज्यांना येतं अशी माणसं मला माहीत होती.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं दूरचं वाटेल. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हा आहे. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक माळ्यावर असते, पण ती रानडुकरं आणि माकडं पिकांपासून लांब ठेवण्यासाठी. इथली गोष्ट वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारासाठी झालेल्या बेबंद शिकारीने आणि जंगलतोडीने पेनसिल्व्हेनियातली हरणं जवळपास संपली होती. १८९५ मध्ये राज्याने गेम कमिशन स्थापन केलं, १९०६ पासून मिशिगनहून हरणं विकत आणून सोडली, १९०७ मध्ये माद्यांना संरक्षण दिलं. हरणं परतली, पण लांडगे आणि प्यूमा परतले नाहीत. आता हरणं इतकी आहेत की ओकची रोपटी वर यायच्या आत खाल्ली जातात. अलीकडच्या हंगामांत दर वर्षी चार लाखांहून अधिक हरणांची शिकार होते आणि ती गेम कमिशनच्या आखणीतच धरलेली असते. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के अबकारी कर लागतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. या मुलाच्या रायफलीच्या किमतीतूनही काही डॉलर इथल्या रानापर्यंत पोहोचले असतील.

आणखी एक नियम इथल्या दुकानांचा चेहरा ठरवतो. पेनसिल्व्हेनियात हरणांवर अर्ध-स्वयंचलित रायफल चालत नाही. प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस हाताने चढवावं लागतं. म्हणून इथे बोल्ट, पंप आणि लिव्हर या तीन प्रकारांना मान आहे. या मुलाची रायफल त्यातली लिव्हरची. चापाभोवतीची कडी खाली ओढायची, रिकामं काडतूस बाहेर पडतं. कडी परत वर घ्यायची, नवं काडतूस नळीत जातं आणि मागचा घोडा ताणलेला राहतो. बेंजामिन टायलर हेन्री यांच्या १८६० च्या रायफलीपासून ही रचना रुळली. जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी विंचेस्टर कंपनीसाठी १८९४ चं मॉडेल आखलं आणि वर्षभराने त्यासाठी थर्टी-थर्टी काडतूस आलं. अमेरिकेत धूररहित दारूचं शिकारीचं लहान व्यासाचं काडतूस पहिल्यांदा विकायला आलं ते हेच. विंचेस्टरच्या या मॉडेलच्या सत्तर लाखांहून अधिक रायफली निघाल्या.

ज्यांनी बंगळुरूच्या केनेथ अँडरसन यांच्या शिकारकथा वाचल्या आहेत त्यांना लिव्हर रायफल अनोळखी नाही. दक्षिण भारतातल्या नरभक्षकांच्या मागे ते विंचेस्टरचं १८९५ चं .४०५ काडतुसाचं मॉडेल घेऊनच हिंडत. तेही ब्राउनिंग यांचंच काम. थिओडोर रूझवेल्ट १९०९ च्या आफ्रिका सफरीत याच जातीची रायफल सिंहांसाठी वापरत होते.

या इतिहासाचा सुट्या सामानाशी थेट संबंध आहे. विंचेस्टर ९४ चं रिकामं काडतूस वरून बाहेर उडतं. त्यामुळे तिच्यावर मधोमध दुर्बीण बसवणं जुन्या रायफलींत जमतच नाही. १९८० च्या दशकात कंपनीने काडतूस तिरकं बाहेर पडेल असा बदल केला तेव्हा कुठे जमलं. मार्लिन ३३६ चा माथा पहिल्यापासून बंद आणि सपाट, काडतूस उजव्या बाजूने पडतं. १९४८ साली ३३६ आली आणि पुढच्या दशकांत अमेरिकेत दुर्बिणी स्वस्त होत गेल्या तेव्हा या सपाट माथ्याने मार्लिनला मोठं गिऱ्हाईक मिळवून दिलं. आज दुकानात विंचेस्टर, मार्लिन आणि हेन्री या कंपन्यांच्या रायफली शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. ज्याला पुढे कधीतरी दुर्बीण लावायची आहे त्याने हा फरक रायफल घेतानाच बघावा, नंतर पैसे घालून तो भरून निघत नाही.

मार्लिनच्या बाबतीत एक जखम ताजी आहे. २००७ च्या अखेरीस कंपनी रेमिंग्टनच्या मालकांकडे गेली, कनेक्टिकटमधला नॉर्थ हेवनचा जुना कारखाना बंद झाला, यंत्रं न्यूयॉर्कमधल्या इलियनला हलली आणि अनुभवी कामगार मागे राहिले. त्या काळातल्या अनेक रायफलींच्या माशा, म्हणजे नळीच्या टोकावरचे नेमाचे खुंट, तिरक्या होत्या, लाकूड आणि लोखंड यांच्यात फटी होत्या. रेमिंग्टनचं दिवाळं निघाल्यावर २०२० मध्ये रूगर कंपनीने मार्लिन विकत घेतली आणि २०२१ च्या अखेरीपासून नॉर्थ कॅरोलिनातल्या मेयोडनमधून नव्या रायफली यायला लागल्या. मधल्या वर्षांत लिव्हर रायफलीसाठी सुटे भाग बनवणाऱ्यांचा धंदा वाढला, त्यामागे बाकी कारणांबरोबर हेही होतं. खडबडीत चाप, काडतुसं ढकलणारा प्लास्टिकचा फॉलोअर, बोट चावणारी भरणझडप असं जे कारखान्यातून नीट येत नव्हतं ते लोक बाहेरून घेऊन बदलत होते. आज मिळणाऱ्या रायफलीला यातल्या बहुतेक दुरुस्त्यांची गरज नाही. सवय मात्र राहिली आहे आणि नवं गिऱ्हाईक जुन्या आजाराचं औषध घेऊन घरी जातं.

आम्ही आधी गेलो एका कारागिराकडे. तळघरातलं दुकान, भिंतीवर लाकडी दस्त्यांची रांग. त्याने मुलाची यादी पाहिली नाही. रायफल रिकामी आहे याची स्वतः खात्री केली, ती मुलाच्या हातात दिली आणि डोळे मिटून खांद्याला लावायला सांगितली. डोळे उघडल्यावर माशी कुठे दिसते, एवढंच त्याला बघायचं होतं. मुलाला माशी दिसली नाही, मागच्या खाचेची कडा तेवढी दिसली. गाल फार खाली टेकत होता. मग त्याने मुलाला भिंतीवरचा शिकारीचा जाड कोट घालायला लावला आणि तेच पुन्हा करवलं. आता दस्ता काखेत अडकला.

मला वाटतं, नव्या रायफलीवर होणारा पहिला खर्च इथे व्हावा. दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर साधारण साडेतेरा इंच येतं. ते उंच माणसाला तोकडं पडतं आणि बुटक्या माणसाला, हिवाळ्याच्या कपड्यांत तर नक्कीच, लांब. मागचा रबरी पॅड जाड-पातळ घेऊन किंवा दस्ता थोडा कापून ते जुळवता येतं. थर्टी-थर्टीचा धक्का माफक असतो; .४५-७० हे मोठं काडतूस घेणाऱ्याला मात्र चांगला पॅड हवाच. गालाला आधार कमी असेल तर वादीने बांधायची चामड्याची पट्टी मिळते, आत फेल्टचे थर घालून उंची ठरवता येते. बंदूक अंगाला बसली की डोळा आपोआप माशीमागे येतो. ती बसली नसेल तर हजार डॉलरच्या दुर्बिणीतूनही आधी काळी कडाच दिसते आणि तेवढ्यात हरीण निघून जातं.

नेमाच्या साधनांवर शिकाऱ्यांत जेवढा वाद होतो तेवढा दुसऱ्या कशावर होत नाही. कारखान्यातून येताना ३३६ क्लासिकला पुढे टोपीखाली पितळी मण्याची माशी आणि मागे नळीवर शिंगांच्या आकाराची खाच असते. तरुण डोळ्यांना ती पुरते. चाळिशीनंतर मागची खाच पुसट होते, कारण डोळ्याला खाच, माशी आणि हरीण या तीन अंतरांवर एकाच वेळी लक्ष धरता येत नाही. शिवाय ती शिंगं हरणाचा खालचा अर्धा भाग झाकतात.

यावरचा जुना इलाज म्हणजे मागे, डोळ्याच्या जवळ, छिद्राची चकती. विल्यम लायमन यांनी १८७९ मध्ये अशा साधनाचं पेटंट घेतलं. आज मिशिगनमधल्या डेव्हिसनची विल्यम्स आणि माँटानातली स्किनर या कंपन्या ती मार्लिनच्या माथ्यावर बसेल अशी बनवतात. तिचं तत्त्व साधं आहे. छिद्राकडे बघायचं नसतं, छिद्रातून बघायचं असतं. गोल भोकातून पाहिलं की माणसाचा डोळा माशी आपसूक मध्यभागी आणतो. तीन गोष्टींऐवजी दोनच सांभाळायच्या राहतात, आणि मागची चकती डोळ्याजवळ आल्यामुळे ती आणि माशी यांच्यातलं अंतर वाढून नेमातली चूक कमी होते. भोक मोठं ठेवलं तर अंधुक उजेडातही चालतं. वजन जवळजवळ शून्य. शंभर डॉलरच्या आसपास खर्च येतो. पूर्वेकडच्या दाट रानात, जिथे बहुतेक बार शंभर यार्डांच्या आत होतात, माझ्या मते लिव्हर रायफलीवर यापेक्षा शोभणारी आणि कामाची दुसरी वस्तू नाही.

दुर्बिणीच्या बाजूने मात्र एक मोठं कारण आहे आणि ते शिकारीचा कायदा आणि हरणाचा स्वभाव यांतून येतं. हरणं झुंजुरक्याला आणि तिन्हीसांजेला हिंडतात. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकारीला परवानगी आहे. त्या कडेच्या मिनिटांत पितळी मणी करड्या रानात विरून जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हरणामागे काय आहे आणि मध्ये एखादी काटकी आहे का, हे साध्या डोळ्याला दिसत नाही. दुर्बिणीच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन केलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. ३३ मिलिमीटरचं भिंग साडेचार-पाच पटीवर ठेवलं तर ती सात मिलिमीटर येते. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते. साठीच्या माणसाची पाचच्या आसपास. म्हणजे दोन ते सात पटीची लहान दुर्बीण या रायफलीला पुरून उरते. मुलाच्या यादीत चार ते सोळा पट आणि ५० मिलिमीटरचं भिंग होतं. थर्टी-थर्टीची १५० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला २४०० फुटांच्या आतबाहेर निघते आणि शंभर यार्डांवर नेम जुळवला तर दोनशे यार्डांवर सात-आठ इंच खाली जाते. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा पट्टाच साधारण आठ इंचांचा. सोळा पटीने जे अंतर जवळ दिसेल तिथे ही गोळी सोडणं म्हणजे जनावर जखमी करून रानात सोडणं. तेवढी मोठी दुर्बीण नेमबाजाला अशा बाराचा मोह पाडते, हाच तिचा सर्वांत मोठा दोष मला वाटतो.

दुर्बिणीबरोबर आणखी सामान येतं, हेही आधी लक्षात घ्यायला हवं. लिव्हर रायफलीचा घोडा उघडा असतो. दुर्बीण माथ्यालगत बसवली की घोड्यावर अंगठा पोहोचत नाही. मग घोड्याला बाजूला निघणारी छोटी आडवी काडी लावावी लागते. दुर्बीण उंच बसवली तर अंगठा मोकळा होतो पण गाल दस्त्यावरून उचलावा लागतो, म्हणजे पुन्हा गालाची पट्टी. आणि लिव्हर रायफल हातात धरून चालायची जागा म्हणजे नेमका तिचा मधला भाग, जिथे तिचा तोल असतो. सपाट, मुठीत मावणारा. तिथे दुर्बीण आली की ही सोय गेली. दिवसभर डोंगर चढून पायी हरणामागे जाणाऱ्याला हे लगेच जाणवतं, मचाणावर बसणाऱ्याला कधीच जाणवत नाही.

लाल ठिपक्याचं छोटं साधन हा मधला मार्ग. दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो आणि वजन कमी. त्याला बॅटरी लागते, आणि ज्यांच्या डोळ्याला दृष्टिवैषम्य आहे त्यांना ठिपक्याऐवजी फुटलेली चांदणी दिसते. दुकानात दोन मिनिटं उभं राहून पाहिलं की कळतं.

काडतुसांना कोणी सामानात धरत नाही, पण या रायफलीच्या बाबतीत सर्वांत मोठा फरक तीच पाडतात. मार्लिनची काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक आडवी झोपतात. मागच्या काडतुसाचं टोक पुढच्याच्या बुडावर, नेमकं जिथे ठिणगी पडते त्या प्रायमरवर टेकलेलं असतं. तिथे टोकदार गोळी ठेवली तर धक्क्याने पुढचं काडतूस नळीतच फुटायची भीती. म्हणून शतकभर या रायफलींत चपट्या नाकाच्या गोळ्या वापरल्या गेल्या आणि चपटं नाक हवेत वेग लवकर गमावतं. केनेथ अँडरसन यांच्या १८९५ मॉडेलला ही अडचण नव्हती, कारण तिचं मॅगझिन पेटीसारखं होतं. २००६ च्या सुमारास हॉर्नाडी कंपनीने मऊ, दबणाऱ्या प्लास्टिकच्या टोकाची लेव्हरेव्होल्यूशन काडतुसं आणली. टोक हवा कापायला पुरेसं अणकुचीदार, प्रायमरवर दाब द्यायला पुरेसं मऊ. या एका पेटीने रायफलीचा उपयोगी पल्ला जितका वाढतो तितका कुठल्याही लोखंडी भागाने वाढत नाही. पल्ला वाढला तरी नेमबाजाचा हात तोच राहतो, हे मात्र प्रत्येकाने कागदावर बघून ठरवायचं.

वीस काडतुसांची पेटी तीस ते पन्नास डॉलरला पडते. कारागिराने मुलाला तीन वेगवेगळ्या पेट्या घ्यायला सांगितलं. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन रायफली एकाच काडतुसाने वेगळी वर्तुळं पाडतात. लिव्हर रायफलीत तर खालची नळी आणि पट्ट्या वरच्या नळीला धरून असतात, त्यामुळे पाच-सहा बारांनंतर लोखंड तापलं की गोळी किंचित सरकते. टेबलावर रेतीच्या पिशव्यांवर टेकून सलग दहा बार टाकणारा या सरकण्याच्या मागे लागतो. शिकाऱ्याला त्याची गरज नाही. रानात पहिलाच बार कामाचा आणि तो थंड नळीतून सुटतो. म्हणून वेगवेगळ्या सकाळी थंड नळीतून एकेक गोळी त्याच कागदावर मारायची, कागद जपून ठेवायचा. मुलाने तसं केलं. त्याची स्वस्त, चपट्या नाकाची गोळी सर्वांत जवळ जवळ पडली.

रुंद कडीच्या लिव्हरचं काय? ती १९३९ च्या ‘स्टेजकोच’ चित्रपटात जॉन वेन यांनी फिरवली आणि १९५८ पासून ‘द रायफलमन’ मालिकेत चक कॉनर्स यांनी घराघरांत नेली. चित्रपटातल्या मोठ्या कड्या हातात फिरवण्यासाठी होत्या. रानातल्या रुंद कडीचं काम एकच आहे, हातमोज्यासकट बोटं आत जाणं. उत्तर पेनसिल्व्हेनियाच्या डिसेंबरात हे काम खरंच महत्त्वाचं आहे. पण जाड मोजे न घालणाऱ्याची बोटं मोठ्या कडीत इकडेतिकडे आपटतात आणि कडी झुडपांत अडकते. साध्या कडीला चामड्याची वादी गुंडाळली तरी पेरं वाचतात. हा खर्च पंचवीस डॉलरचा.

खांद्यावर अडकवायचा पट्टा घ्यावाच; चढणीवर आणि हरीण ओढून आणताना दोन्ही हात मोकळे लागतात. दस्त्यावरचा काडतूसपट्टा चार-पाच काडतुसांचा असला तर ठीक, मात्र त्याने गालाची जागा बदलते. ॲल्युमिनियमची मूठ लाकडापेक्षा थंड असते आणि तिच्यावर टॉर्च लावून रात्री हरीण मारणं कायद्याने बंद आहे, तेव्हा हरणाच्या शिकाऱ्याने ती दोन्ही दुकानातच राहू द्यावीत.

चापाबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. जुन्या मार्लिनचा चाप लुळा लोंबकळतो आणि तो घट्ट करणारे संच मिळतात. काही लोक याच ओघात बाजूची आडवी सेफ्टी काढून टाकणारे भागही बसवतात, कारण १९८० च्या दशकाआधीच्या रायफलींना ती नव्हती आणि तिच्याशिवाय रायफल जुनी, देखणी दिसते. माझा याला पूर्ण विरोध आहे. लिव्हर रायफलीतला सर्वांत धोक्याचा क्षण बाराचा नसतोच. हरीण निघून गेलं, घोडा ताणलेला आहे, नळीत काडतूस आहे, आणि गारठलेल्या अंगठ्याने तो घोडा हळूच खाली आणायचा आहे, तो क्षण खरा धोक्याचा. अंगठा निसटला तर बार उडतो. आडवी सेफ्टी लावलेली असली तर उडत नाही. तसाच दुसरा प्रसंग संध्याकाळी येतो. या रायफलीतून मॅगझिन काढून ठेवता येत नाही; खालच्या नळीतलं प्रत्येक काडतूस लिव्हर मारून, नळीच्या मागच्या टोकातून फिरवूनच बाहेर काढावं लागतं. भरलेली रायफल गाडीत ठेवणं इथे गुन्हा आहे, म्हणजे हे रोज करावं लागतं, दमलेल्या हातांनी, मावळत्या उजेडात. त्या वेळी सेफ्टी लागते. चापाचं काम करायचंच असेल तर ते कारागिराकडे द्यावं आणि सेफ्टी जागेवर ठेवावी.

कानांचंही तसंच. रायफलीच्या बाराचा आवाज १५० डेसिबलच्या पुढे जातो आणि १४० च्या वरचा एकच स्फोट कानाला कायमची इजा करू शकतो. इथल्या म्हाताऱ्या शिकाऱ्यांशी बोलताना त्यांच्या एका बाजूला उभं राहून मोठ्याने बोलावं लागतं. उजव्या खांद्यावर रायफल लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि तोच आधी जातो. पानांची सळसळ ऐकू देणारे आणि बाराचा आवाज कापणारे इलेक्ट्रॉनिक मफ शंभर डॉलरच्या आत मिळतात. सप्रेसर त्याहून सोयीचा. १९३४ पासून त्यावर दोनशे डॉलरचा संघराज्यीय कर होता, तो १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला. नोंदणी मात्र अजून करावी लागते. सप्रेसरसाठी नळीच्या टोकाला आटे हवेत आणि ३३६ क्लासिकला ते नाहीत. कारागिराकडून पाडून घेता येतात, पण अर्ध्या फुटाच्या जोडणीने आखूड रायफल लांब होते आणि तिचा तोल पुढे जातो. मुलाने मफ घेतले. नियमाप्रमाणे डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच भगवा-नारिंगी रंग दिसायला हवा, म्हणून टोपी आणि बंडीही.

कारागिराच्या टेबलावर एक वस्तू होती जी मुलाच्या यादीत नव्हती : स्क्रूड्रायव्हरचा संच. घरातल्या स्क्रूड्रायव्हरचं पातं पाचरीसारखं निमुळतं असतं, ते स्क्रूच्या खाचेच्या फक्त वरच्या कडांना धरतं आणि निसटून त्या कडा चेपतं. बंदुकीच्या कामाचं पातं दोन्ही बाजूंनी समांतर घासलेलं असतं आणि खाचेत तळापर्यंत बसतं. मार्लिनला हा संच हवाच, कारण लिव्हरचा एक स्क्रू काढला की लिव्हर आणि बोल्ट हातात येतात आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते. विंचेस्टर ९४ ला ही सोय नाही. तिथे गज तोंडाकडून घालावा लागतो आणि निष्काळजीपणे घासला तर तोंडाशीच नळी झिजते. दर हंगामाआधी माथ्यावरचे स्क्रू तपासायचे, सैल होऊ नयेत म्हणून निळ्या लॉकटाइटचा थेंब द्यायचा, आणि हाताळल्यावर घामाचे ठसे तेलाच्या फडक्याने पुसायचे. लोखंडावरचं निळं पॉलिश घामाने रात्रीत गंजतं.

शेवटी प्रश्न राहिला गोळीच्या धातूचा, आणि माझ्या दृष्टीने तो बाकी सगळ्या सामानापेक्षा मोठा आहे. शिशाची गोळी हरणाच्या अंगात फुटते तेव्हा तिचे सूक्ष्म कण जखमेपासून बरेच दूरवर मांसात पसरतात. २००८ साली नॉर्थ डकोटात दान केलेल्या हरणाच्या मांसात शिसं आढळलं आणि राज्याने अन्नपेढ्यांना ते वाटू नका असं सांगितलं. रानात टाकलेली आतडी गरुड खातात आणि शिशाने मरतात. पेनसिल्व्हेनियात ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ हा उपक्रम १९९१ पासून शिकाऱ्यांचं मांस गरजूंपर्यंत पोहोचवतो. ज्याचं मांस दुसऱ्याच्या मुलाच्या ताटात जाणार आहे त्याने तांब्याची गोळी वापरावी असं मला ठामपणे वाटतं. अखंड तांब्याची गोळी पाकळ्यांसारखी उघडते आणि जवळजवळ सगळं वजन टिकवून बाहेर पडते. थर्टी-थर्टीसाठी नळीच्या मॅगझिनमध्ये चालणाऱ्या तांब्याच्या गोळ्या मिळतात. त्या महाग आहेत, आणि वेग फार कमी झाला की नीट उघडत नाहीत, म्हणून पल्ला आखडता ठेवावा लागतो.

मुलाने तांब्याच्या दोन पेट्या घेतल्या आणि नेम पुन्हा जुळवला, कारण गोळी बदलली की जागाही बदलते. त्याच्या कागदावरचं वर्तुळ चपट्या शिशाच्या गोळीपेक्षा थोडं मोठं आलं, शंभर यार्डांवर तीन इंचांच्या आत. त्याने स्वतःसाठी ऐंशी यार्डांची मर्यादा ठरवली. यादीतलं सगळं खोडलं : मोठी दुर्बीण आणि तिची रेल, रुंद कडी, हलका चाप, ॲल्युमिनियमची मूठ, टॉर्च, काडतूसपट्टा, सप्रेसर. रायफलीवर आता छिद्राची चकती, वादी गुंडाळलेली लिव्हर, अर्धा इंच आखूड केलेला दस्ता आणि साधा चामडी पट्टा आहे. दोन ते सात पटीच्या लहान दुर्बिणीचा निर्णय त्याने हंगाम संपेपर्यंत पुढे ढकलला. झुंजुरक्याच्या उजेडात हरीण दिसूनही नीट नेम धरता आला नाही म्हणून सोडावं लागलं तर प्रत्येक वेळी तो वहीत तारीख, वेळ आणि अंदाजे अंतर लिहिणार आहे, आणि जानेवारीत ती वही घेऊन कारागिराकडे जाणार आहे.